आठ लाखांच्या आतला नंबर

जुनी मोटरसायकल घेताना आपण काय बघतो? किती पळाली आहे, इंजिन खोललंय का, आणि कागदपत्रं जागेवर आहेत का. अमेरिकेत शिकारीची जुनी रायफल घेणारा माहीतगार माणूस मात्र आधी नळी बघत नाही, लाकूड बघत नाही. तो रायफल उचलतो, उजेडात धरतो आणि पोलादावर कोरलेला नंबर वाचतो. काही रायफलींच्या बाबतीत या एका आकड्यावर ठरतं की ही वस्तू खांद्याला लावायची की भिंतीवर टांगायची.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका अमेरिकन सहकाऱ्यामुळे. त्याला नोव्हेंबरातल्या हरणाच्या शिकारीसाठी जुनी बोल्ट-अॅक्शन रायफल घ्यायची आहे आणि त्याच्या यादीत तीन नावं आहेत: स्प्रिंगफील्ड १९०३, विंचेस्टर मॉडेल ७० आणि रेमिंग्टन मॉडेल ७००. मी स्वतः जत्रेतल्या फुग्यांपलीकडे कशावरही नेम धरलेला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, आणि बंदूक म्हटलं की आठवते ती कोकणातल्या घरी रानडुकरांसाठी ठेवलेली, परवान्याची ठासणीची बंदूक. पण या तीन रायफलींचा इतिहास वाचायला लागलो आणि तीन-चार शनिवार-रविवार कसे गेले कळलं नाही. कारण हा इतिहास बंदुकांचा कमी आणि "चुकीचा माल बाहेर गेलाय, आता काय करायचं?" या प्रश्नाचा जास्त आहे. आणि हा प्रश्न आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अगदी घरचा.

आधी बोल्ट-अॅक्शन म्हणजे काय ते सांगतो. आपल्या दाराची आडवी कडी आठवा. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. बस्स, हेच. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलताना नवीन आत जातं, दांडी खाली पडली की बोल्टाचे कान पोलादी खाचेत अडकतात आणि बार उडताना निर्माण होणारा प्रचंड दाब ते कान अडवून धरतात. हा बोल्ट ज्या पोलादी घरात मागेपुढे होतो त्याला रिसीव्हर म्हणतात. नळी बदलता येते, दस्ता बदलता येतो, चापही बदलता येतो. रिसीव्हर म्हणजे रायफलच. नंबर कोरलेला असतो तोही याच्यावरच.

या सगळ्या यंत्रणेचा बाप म्हणजे पाउल माउझर, जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावचा. त्याची १८९८ ची रायफल जर्मन सैन्याने घेतली आणि तेव्हापासून आजपर्यंत जगातली बहुतेक प्रत्येक बोल्ट-अॅक्शन ही त्या रायफलीची नक्कल आहे किंवा तिच्याशी घातलेला वाद आहे. अमेरिकन सरकारने १९०३ साली आपली स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा माउझरच्या इतक्या कल्पना उचलल्या की पुढे दोन लाख डॉलर रॉयल्टी मोजायची वेळ आली. सरकारने पेटंट उचलावं आणि मग निमूटपणे पैसे भरावेत, हे मला फार आवडलं :)

स्प्रिंगफील्ड १९०३ ही लष्करी रायफल. पण थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष असताना त्याने तिची शिकारीसाठी एक आवृत्ती करून घेतली आणि १९०९ साली आफ्रिकेला नेली. हेमिंग्वेनेही १९३३ च्या आफ्रिका सफरीत स्प्रिंगफील्डच वापरली. पुढे सरकारने हजारो रायफली नागरिकांना स्वस्तात विकल्या. लोकांनी त्यांची लष्करी लाकडं काढली, नवे दस्ते बसवले, दुर्बिणी लावल्या. आज जुन्या मालाच्या दुकानात दिसणारी देखणी स्प्रिंगफील्ड बहुतेक वेळा अशीच कुणीतरी हौसेने कापून-तासून केलेली असते. माझ्या सहकाऱ्याचा जीव जडलाय तो अशाच एका रायफलीवर.

आता नंबराची गोष्ट. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मॅसॅच्युसेट्समधला स्प्रिंगफील्डचा आणि इलिनॉयमधला रॉक आयलंडचा, दोन्ही सरकारी कारखाने जोरात सुरू होते. त्याच वर्षी काही रायफली फुटल्या. निमित्त होतं खराब पितळेच्या काडतुसांचं. पितळ फाटलं की वायू मागच्या बाजूला सुटतो, हे समजण्यासारखं आहे. पण रिसीव्हर वाकायला किंवा फुगायला हवा होता, त्याऐवजी तो काचेसारखा तुकडे होऊन उडाला. हे काही केल्या समजेना.

तपास झाला आणि कारण निघालं ते भट्टीपाशी. रिसीव्हरचं पोलाद घडवण्याआधी किती तापवायचं हे तिथले जुने, अनुभवी कारागीर डोळ्यांनी ठरवत. लोखंडाचा रंग बघायचा आणि "झालं" म्हणायचं. आपल्याकडचा लोहारही असंच करतो आणि त्याचा कोयता पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण तपासात असं दिसलं की लख्ख उन्हाच्या दिवशी कारागिराला जो रंग "बरोबर" वाटायचा, तो ढगाळ दिवसाच्या "बरोबर" रंगापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त गरम असायचा! उजेड जास्त असला की तापलेलं लोखंड फिकं दिसतं, मग माणूस आणखी तापवतो. म्हणजे रायफल चांगली की वाईट हे त्या दिवशी आभाळ कसं होतं यावर ठरत होतं. जास्त तापलेलं पोलाद जळतं, आतून ठिसूळ होतं आणि बाहेरून तसूभरही फरक दिसत नाही.

मग भट्ट्यांवर तापमान मोजायची यंत्रं आली, पोलादावरची प्रक्रिया बदलली. हा बदल स्प्रिंगफील्डला १९१८ च्या सुरुवातीला सुमारे ८,००,००० व्या नंबरापासून झाला, रॉक आयलंडला २,८५,५०७ पासून. पण त्याआधीच्या दहा लाखांहून जास्त रायफली सैन्यात पोचल्या होत्या त्यांचं काय? त्यातल्या बहुतेक चांगल्याच होत्या. ढगाळ दिवस काय कमी असतात? पण कुठली चांगली आणि कुठली जळकी हे तोडल्याशिवाय सांगता येत नव्हतं. पुन्हा तापवून दुरुस्त करून पाहिलं, तेही जमलं नाही.

१९२७ साली नेमलेल्या मंडळाने शिफारस केली की कमी नंबराच्या सगळ्या रायफली सैन्यातून काढून घ्या. वरचा अधिकारी म्हणाला, तसं नको. त्याचं म्हणणं साधारण असं: यातल्या कित्येक रायफली वर्षानुवर्षं वापरात आहेत, काहींच्या तर नळ्या झिजून बदलल्यात, त्या सगळ्या सैनिकांच्या हातून काढून घेण्याइतकं हे गंभीर नाही. मात्र कोठारातून नव्याने देऊ नका, त्या युद्धासाठी राखीव ठेवा आणि दुरुस्तीला येतील तेव्हा रिसीव्हर भंगारात काढा. १९२८ साली हेच मान्य झालं.

ही सगळी हकीकत ज्युलियन हॅचर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९४७ साली 'हॅचर्स नोटबुक' या पुस्तकात लिहून ठेवली. तो स्वतः त्या काळात शस्त्रखात्यात होता. फुटलेल्या ६८ रिसीव्हरांची यादीच त्याने दिली आहे. कुणी मेलं नाही, पण डोळे गेले.

दहा लाखांत ६८. आपल्या भाषेत सांगायचं तर फारच कमी दराचा बग. मी ती यादी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला की त्या अधिकाऱ्याने ठीकच केलं. आजही या विषयावर अमेरिकन मंडळी तावातावाने भांडतात. एक पक्ष म्हणतो, शंभर वर्षं फुटली नाही, आता काय फुटणार. दुसरा म्हणतो, ती फुटली नाही कारण तिला अजून खराब काडतूस मिळालं नाही. मला दुसरं बरोबर वाटतं. ठिसूळपणा ही काही झिजून बाहेर येणारी गोष्ट नाही, ती आत बसून असते. सगळं सुरळीत असताना पितळच दाब धरून ठेवतं आणि रिसीव्हरची परीक्षा होतच नाही. परीक्षा ज्या दिवशी होईल त्या दिवशी तो रिसीव्हर तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असेल.

त्याची स्प्रिंगफील्ड सहा लाखांच्या घरातली निघाली. मी त्याला म्हटलं, घे, पण खिळ्यावर टांगायला घे.

विंचेस्टरची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे, त्यात कुणाला इजा झाली नाही. कनेटिकटमधल्या न्यू हेवनची ही कंपनी १९३१ साली बुडाली आणि ऑलिन घराण्याच्या वेस्टर्न कार्ट्रिजने विकत घेतली. त्यानंतर १९३६ साली मॉडेल ७० आलं. माउझरसारखा मोठा नखासारखा आकडा काडतूस पेटीतून वर येतानाच त्याची कडा पकडतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. समजा घाईत तुम्ही बोल्ट अर्ध्यात थांबवून पुन्हा मागे ओढलात, तरी काडतूस सोबत मागे येतं. शिवाय साधा आणि भक्कम चाप, तीन टप्प्यांची सेफ्टी, हाताने कोरलेली दस्त्यावरची जाळी. 'आउटडोअर लाइफ' मासिकात वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या जॅक ओ'कॉनरने ही रायफल आणि तिचं .२७० काडतूस घराघरात पोचवलं.

पण ही रायफल बनवायला माणसं फार लागत. घडीव पोलादातून यंत्रावर एकेक कोपरा कापून काढायचा. युद्धानंतर मजुरी वाढली तसा नफा आटला. मग १९६४ साली कंपनीने अख्खी रचना बदलली. मोठा आकडा गेला, बोल्टाच्या तोंडातच छोटा आकडा आला. आता बोल्ट काडतुसाला नुसता ढकलतो आणि पकडतो शेवटी. हाताने कोरलेली जाळी गेली, तिच्या जागी लाकडावर दाबून उमटवलेली नक्षी आली. नळी आणि लाकूड यांच्यात बोट जाईल अशी फट. लोक भडकले. इतके, की "प्री-सिक्स्टीफोर" हा शब्दच बाजारात एक किंमत होऊन बसला. त्या २७ वर्षांत सुमारे ५ लाख ८० हजार रायफली निघाल्या आणि नवी रचना ७,००,००० नंबरापासून सुरू झाली. म्हणून इथेही दुकानात आधी नंबर वाचायचा.

गंमत अशी की अभियांत्रिकीच्या नजरेने १९६४ चा बदल वाईट म्हणता येत नाही. नव्या बोल्टाचं तोंड काडतुसाच्या बुडाला सगळीकडून वेढतं. जुन्या मॉडेल ७० मध्ये मात्र स्प्रिंगफील्डसारखंच शंकूच्या आकाराचं तोंड होतं, त्यात पितळाचा थोडा भाग उघडा राहतो. म्हणजे काडतूस फाटलंच तर नवीच जास्त सुरक्षित. नेमही नवीचा काही कमी नाही. जुना आकडा खरा कामाला येतो तो चवताळलेला प्राणी अंगावर येत असताना. शांत उभ्या हरणावर एक गोळी झाडून घरी जाणाऱ्या माणसाला तो आयुष्यात एकदाही लागणार नाही. लोक रागावले ते दिसणाऱ्या गोष्टींवर, त्या फटीवर आणि त्या छापील नक्षीवर. कंपनी आपल्याला मोजत नाही हे गिऱ्हाइकाला नक्षीवरून कळतं, बोल्टाच्या तोंडावरून नाही. कंपनीला पुढे एकेक गोष्ट सुधारावी लागली आणि १९९० च्या दशकात मोठा आकडाही परत आणावा लागला. न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद झाला तो झालाच.

सहकाऱ्याला माझा सल्ला इथेच होता: साठच्या दशकाच्या शेवटची किंवा सत्तरच्या दशकातली, लोकांनी नाक मुरडलेली मॉडेल ७० घे. नावापायी भाव वाढलेला नाही आणि हरणाला फरक कळत नाही. त्याला ते पटलं नाही. ती दिसायला बोडकी आहे म्हणे! त्याला रेमिंग्टन हवी.

आणि इथे मी जरा अडखळलो. कारण रेमिंग्टनला नंबर बघून काही कळत नाही.

विंचेस्टरने १९६४ साली जे केलं ते रेमिंग्टनने १९४८ मध्येच केलं होतं. माइक वॉकर नावाच्या हुशार इंजिनियरने मॉडेल ७२१ रचलं, गोल सळईतून लेथवर काढलेल्या रिसीव्हरचं. स्वस्त, मजबूत, नेमाला पक्कं. १९६२ साली त्याचंच देखणं रूप म्हणजे मॉडेल ७०० आलं. पन्नास लाखांहून जास्त विकल्या गेल्या. अमेरिकन मरीन आणि लष्कराच्या नेमबाजांच्या रायफलीही त्यावरच बेतलेल्या. तिच्या यशाचं एक कारण होता तिचा चाप, काचेची काडी मोडावी तसा हलका आणि स्वच्छ सुटणारा. ही किमया वॉकरने एक जास्तीचा तुकडा घालून साधली होती. त्याला कनेक्टर म्हणतात. तो चापाला पक्का जोडलेला नाही, नुसता स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. प्रत्येक बाराला तो क्षणभर चापापासून सुटतो आणि परत जागेवर येतो. सुटतो त्या क्षणी फट पडते. त्या फटीत घट्ट झालेलं तेल, कचरा किंवा धातूचा कण अडकला तर तो पूर्ण जागेवर येत नाही. मग चापाला बोट न लावता, नुसती सेफ्टी काढताना बार उडू शकतो.

हे कंपनीला माहीत होतं का? १९४७ साली, रायफल बाजारात यायच्या आधीच, चाचणीत असा प्रकार आढळल्याची अंतर्गत नोंद आहे. वॉकरने १९४८ मध्ये सुधारणाही सुचवली होती. २०१० साली सीएनबीसी वाहिनीने या विषयावर माहितीपट केला, तेव्हा वॉकर ९८ वर्षांचा होता. त्या सुधारणेचा खर्च होता रायफलीमागे साडेपाच सेंट.

याला जोडून दुसरी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच जास्त घातक. जुन्या रचनेत सेफ्टी लावली की बोल्टही जागेवर बंद व्हायचा. म्हणजे रायफल रिकामी करायची असेल तर आधी सेफ्टी काढावीच लागे. दिवसभराची शिकार संपवून गाडीपाशी येऊन, आजूबाजूला घरची माणसं उभी असताना, काडतुसं काढायला सेफ्टी मागेपुढे करायची, आणि दोष असेल तर तो नेमका त्याच क्षणी दिसणार. हे बोल्टाचं कुलूप कंपनीने १९८२ साली काढून टाकलं.

१९७८ मध्ये एका मोठ्या अपघाताच्या दाव्यानंतर कंपनीने मॉडेल ६०० परत मागवलं होतं. मग जानेवारी १९७९ मध्ये मॉडेल ७०० चं काय करायचं यावर अंतर्गत समितीची चर्चा झाली. त्यांचा हिशेब कागदावर आहे: दोषाला बळी पडू शकतील अशा रायफली सुमारे २०,००० आणि त्या शोधायला परत मागवाव्या लागणार सुमारे २० लाख. ठरलं, मागवायच्या नाहीत.

हे वाचून मी परत १९२८ च्या त्या अधिकाऱ्याकडे गेलो. तोच हिशेब. दहा लाखांत काही थोड्या जळक्या, वीस लाखांत एक टक्का. आणि तरी मला हे दोन निर्णय सारखे वाटत नाहीत. त्या अधिकाऱ्याने निदान नव्याने देणं बंद केलं, दुरुस्तीला आलेली परत जाऊ दिली नाही, आणि आकडा सगळ्यांना माहीत झाला. म्हणून तर आज कुणीही दुकानात उभं राहून नंबर वाचू शकतो. रेमिंग्टनने तोच चाप पुढची २५-३० वर्षं नव्या रायफलींत बसवला आणि गिऱ्हाइकाला काही सांगितलं नाही. ठरलेला बग दुरुस्त न करणं एक वेळ समजू शकतो, आम्हीही कधी कधी तसं करतो. पण रिलीज नोट्समध्ये तो लिहायचाच नाही? कंपनीची बाजूही नोंदवायला हवी: तिचं म्हणणं कायम हेच राहिलं की रायफल सुरक्षित आहे आणि अपघात झाले ते देखभाल न केल्याने किंवा लोकांनी चापात ढवळाढवळ केल्याने. तशी ढवळाढवळ लोक करतात हे खरंच आहे.

शेवटी २००६ च्या सुमारास कनेक्टर नसलेला नवा चाप आला. आणि दैव बघा, एप्रिल २०१४ मध्ये तो नवा चापच परत मागवावा लागला, कारण जुळणीत वापरलेला चिकट पदार्थ काही ठिकाणी जास्त झाला होता! जुन्या चापांबद्दलच्या सामूहिक दाव्यात त्याच वर्षी तडजोड झाली. सुमारे ७५ लाख बंदुका तिच्या कक्षेत होत्या आणि बहुतेकांना चाप फुकट बदलून मिळणार होता. पहिल्या फेरीत अर्ज आले काही हजार. न्यायाधीशही अस्वस्थ झाले. तडजोड २०१७ मध्ये मंजूर झाली, २०१८ मध्ये अपिलात टिकली, आणि अर्जाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी कंपनीने दुसऱ्यांदा दिवाळं काढलं, तिचे तुकडे विकले गेले, आणि न्यूयॉर्क राज्यातला इलियनचा जुना कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद पडला.

म्हणजे आज कुणी सत्तरच्या दशकातली मॉडेल ७०० घेतली तर चाप आपल्याच खिशातून बदलायचा. बदलावाच, आधीच्या मालकाने "कधी काही झालं नाही" असं कितीही सांगितलं तरी. दुसऱ्या कंपन्यांचे चांगले चाप मिळतात आणि बंदूक दुरुस्त करणारा तासाभरात बसवून देतो. तो खर्च धरून रायफल परवडते का, एवढाच प्रश्न.

(जाता जाता, तिकडे असलेल्या आपल्या मंडळींसाठी: एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला १९९८ पासून अमेरिकन कायद्याने बंदूक घ्यायला, जवळ ठेवायलाही बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राने हौसेने "धरून बघ" म्हटलं तरी आधी हे तपासा.)

दुकानात करायची एक तपासणी मात्र फुकट आहे. काडतुसाचं घर आणि पेटी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं. नळी सुरक्षित दिशेला. दुकानदाराला विचारून बोल्ट उचलून बंद करायचा, म्हणजे रायफल चढते. सेफ्टी लावायची. चाप जोरात ओढायचा आणि सोडायचा. मग चापापासून बोट लांब ठेवून सेफ्टी काढायची. आतून "खट्ट" आवाज आला तर रायफल काउंटरवर ठेवून द्यायची. आवाज आला नाही तर त्याचा अर्थ इतकाच, की या वेळी आला नाही.